नोंदवहीतलं माशांचं पान

जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. त्या समितीने गावातली झाडं, पिकांची वाणं, जनावरं, पक्षी, मासे, औषधी मुळ्या या सगळ्यांची लोकांच्या तोंडून नोंदवही करायची असते. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिली तेव्हा राज्यभर या कामाची घाई उडाली. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या काही गावांचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं आणि माझ्या वाट्याला प्राण्यांची पानं आली. त्यातल्या माशांच्या पानाने मला जे शिकवलं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

झाडांच्या नोंदी तशा लवकर होतात. म्हातारी माणसं नाव सांगतात, उपयोग सांगतात, पुढच्या झाडाकडे जातात. भाताच्या, नागलीच्या वाणांवर बायका भरभरून बोलतात. जव्हार भागात बायफ या संस्थेने देशी वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्यापासून वाण जपणं ही गोष्ट लोकांना नवी राहिलेली नाही. मासे म्हटलं की मात्र सगळं अंगण एकदम बोलायला लागायचं. शिंगटी, वाम, मरळ, खवली, मुरे, खेकडे, कोळंबी. कोणता मासा कोणत्या कोंडात, म्हणजे डोहात, राहतो, कोणता गळाला लागतो, कोणता फक्त पागात येतो, बाळंतिणीला कोणता द्यायचा, यावर पोरांपासून आज्यापर्यंत प्रत्येकाचं मत. मी लिहीत सुटायचो. पण नोंदवहीत एक रकाना असतो: पूर्वी किती होता, आता किती आहे. त्या रकान्याशी आलं की आवाज उतरायचे. पूर्वी भरपूर. आता थोडा. पूर्वी भरपूर. आता नाही. पाडा बदलला, नदी बदलली, तालुका बदलला, तरी रकाना तोच.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जव्हार-मोखाडा म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा डोंगराळ पट्टा. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी यांची ही वस्ती. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं आणि मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवतात. वैतरणा, पिंजाळ, वाघ, लेंढी या इथल्या नद्या. लेंढीवरचा दाभोशाचा धबधबा बघायला लोक लांबून येतात. मृगाचा पहिला दणका बसला की ओहोळ गढूळ होऊन वाहू लागतात आणि नदीतले मासे प्रवाहाच्या उलटे वर सरकू लागतात. खडकावरून उड्या घेत, बांधाच्या फटीतून घुसत ते पार भातखाचरापर्यंत येतात. तिथल्या उथळ, कोमट, शेवाळ्याच्या पाण्यात अंडी घालतात. पिलं खाचरात वाढतात आणि पाऊस ओसरताना भादव्यात पाण्याबरोबर नदीला परत उतरतात. याच माशांना आपण चढणीचे मासे म्हणतो, ठाणे-रायगडाकडे वलगणीचे मासे म्हणतात.

चढणीच्या माशावर गावं पिढ्यान् पिढ्या जगली. वर्षातला सगळ्यात भुकेचा काळ तोच असतो. वीटभट्टीवरून माणसं परतलेली असतात, उचल फिटलेली नसते, कणगीतली नागली तळाला गेलेली असते आणि नवं पीक दसरा-दिवाळीशिवाय येत नाही. अशा वेळी ओहोळाच्या तोंडाला बांबूचा सापळा लावला की सकाळी चुलीवर कालवण शिजतं. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा हा भाग देशभर बातम्यांत आला. त्यानंतर योजना आल्या. 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत जेवण आणि अंडं मिळतं. चांगली योजना आहे. पण जे ताज्या माशातून दारात येत होतं ते आटलं तर अंगणवाडीतलं एक अंडं ती जागा भरून काढू शकत नाही. माशांचं पान हे खरं तर आरोग्याचंही पान आहे, आणि हे मला नोंदी करतानाच उमगलं.

मासे का कमी झाले, हे मी प्रत्येक बैठकीत विचारलं. पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच, औषध. पूर्वीही पाण्यात मासे झिंगवायची रीत होती. गेळाची फळं ठेचून डोहात टाकायची, मासे गुंगीत वर यायचे. सगळा पाडा मिळून उन्हाळ्यात एखाद्या डोहात ते करायचा आणि पाणी पुढे वाहतं झालं की त्याचा असर जायचा. आता दुकानातली कीटकनाशकाची बाटली आणि ब्लीचिंग पावडर आली. एका बाटलीत अर्धा मैल नदी मरते. पिलं, खेकडे, बेडूक, पाणकिडे, सगळं. कुठे विहीर खोदायला आणलेले सुरुंगाचे बार पाण्यात फोडतात, कुठे विजेच्या तारेवर आकडा टाकून करंट सोडतात. हे बहुतेक वेळा गावातली तरुण पोरं करतात, तर कधी बाजारात माल विकायला आलेले बाहेरचे लोक. पाण्यात विष किंवा स्फोटक घालून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. ज्या गावांत मी बसलो तिथे या कायद्याखाली कोणावर खटला भरल्याचं एकालाही आठवत नव्हतं.

दुसरं उत्तर म्हाताऱ्यांकडून यायचं, आणि ते नदीकडे हात करून द्यायचे. धरण.

मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण उभं आहे. 2014 साली ते सुरू झालं. भिंतीची उंची 102 मीटरच्या वर. रोज 45 कोटी लिटरहून अधिक पाणी त्याच्यातून मुंबईला मिळतं. त्याच्या वरच्या अंगाला अप्पर वैतरणा आहे आणि खालच्या अंगाला 1957 सालचा मोडकसागर. एकाच नदीला एकामागून एक अशा तीन भिंती. एवढी उंच भिंत मासा चढणार नाही हे उघडच आहे. शिवाय भिंतीखाली नदी उन्हाळ्यात जिथे डोह राखायची तिथे आता पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर डोह जगतो. मुंबईची तहान मला मान्य आहे, माझी स्वतःची भावंडं मुंबईत त्या नळाचं पाणी पितात. पण उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो आणि खालून जाणाऱ्या नदीतला मासा संपतो, ही किंमत कोणाच्या हिशेबात धरलेली मला दिसली नाही. पुढच्या योजनाही कागदावर तयार आहेत. दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पात भुगड आणि वाघ नदीवरचं खारगीहिल या ठिकाणच्या धरणांचं पाणी बोगद्यातून पिंजाळच्या धरणात आणून मुंबईला द्यायचं आहे. वाघ, पिंजाळ आणि वैतरणा या तिन्ही नद्या माझ्या नोंदवहीत आहेत.

याच काळात मला पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओर्कांची गोष्ट वाचायला मिळाली, आणि ती मी नंतर कितीतरी पाड्यांवर सांगितली. अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया यांच्यामधल्या समुद्रात काळ्या-पांढऱ्या ओर्कांचे, म्हणजे किलर व्हेल माशांचे, काही कळप राहतात. खरं तर ते मासे नाहीत, डॉल्फिनच्या कुळातले सस्तन प्राणी आहेत. या कळपांचं वैशिष्ट्य असं, की ते सील वगैरे खात नाहीत, मुख्यतः चिनूक जातीच्या साल्मनवर जगतात. साल्मन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत उलटा चढतो, कधी शेकडो मैल. नद्यांवर धरणं आली, जंगलं तुटून पाणी तापलं, गाळ भरला, साल्मन घटला. साल्मन घटला तसे व्हेल उपाशी पडले. 1995 साली 98 असलेली त्यांची संख्या आता सत्तरच्या घरात आहे. 2018 साली त्यातली एक आई आपलं मेलेलं पिल्लू डोक्यावर तोलत सतरा दिवस पोहत होती. ती बातमी जगभर गेली.

तिथल्या सरकारांनी काय केलं हे लोक मला आवर्जून विचारायचे. कॅनडाने 2003 मध्ये आणि अमेरिकेने 2005 मध्ये या कळपांना धोक्यात आलेले म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. व्हेल जिथे शिकार करतात तिथे चिनूकची मासेमारी हंगामापुरती बंद ठेवली. बोटींनी व्हेलपासून किती लांब राहायचं ते ठरवलं. वॉशिंग्टन राज्यात 2025 पासून ते अंतर हजार यार्ड आहे. एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं 2014 पर्यंत पाडून टाकली. क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये पाडून झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात साल्मन धरणांच्या जुन्या जागा ओलांडून वर गेलेला लोकांनी पाहिला. धरण पाडतात हे ऐकून एका पाड्यावरचे आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे मासा वाट विसरत नाय."

मला स्वतःला त्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते 1974 चं. त्या साली तिथल्या न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला, की जुन्या करारांप्रमाणे तिथल्या आदिवासी जमातींना पकडल्या जाणाऱ्या साल्मनमध्ये निम्मा वाटा आहे, आणि मासे राखण्याचा कारभार त्यांनी राज्याबरोबर चालवायचा आहे. त्याआधी तेच आदिवासी आपल्याच नदीत जाळं टाकल्याबद्दल तुरुंगात जात होते. निकालानंतर त्यांनी स्वतःचे मत्स्यशास्त्रज्ञ नेमले, ओढे दुरुस्त केले, धरणांविरुद्ध खटले लढवले. एल्व्हाचा आणि क्लॅमथचा लढा पुढे नेण्यात तिथल्या जमाती आघाडीवर होत्या. मासा आणि माणूस यांपैकी एकाला निवडा, असा प्रश्न त्यांनी उभाच राहू दिला नाही. त्यांनी हक्क मागितला, मासा वाचवण्याची जबाबदारीही हक्काबरोबर अंगावर घेतली.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे असा हक्क कागदावर आधीच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर वस्तूंवरचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणलोट यांचं रक्षण करण्याचा अधिकार देतं. जव्हार आणि मोखाडा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा इथे लागू आहे, आणि लहान पाणवठ्यांचं नियोजन त्या कायद्याने गावाच्या हाती सोपवलं आहे. सामूहिक वनहक्काचे दावे भरताना मात्र मी बांबू, तेंदू, मोह, चराई, जळण यांच्या नोंदी सगळीकडे पाहिल्या. मासे अनेक दाव्यांत राहून गेलेले. भरणाऱ्याला सुचलं नाही, तपासणाऱ्याने विचारलं नाही. मी ज्या दाव्यांवर बसलो तिथे ते आग्रहाने लिहून घेतलं. नदीच्या कोणत्या कोंडापासून कोणत्या कोंडापर्यंत, कोणत्या महिन्यात, कोणत्या साधनाने.

एका गावात हे लिहिता लिहिताच ग्रामसभेचा ठराव झाला. तो ठराव मी घडवला नाही, बायकांनी घडवला. औषध टाकणाऱ्याला दंड, हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं. मग एका ताईंनी विचारलं, की गाभोळी भरलेला मासा धरायचा की नाही. तिथे वाद पेटला. एक दादा चिडून म्हणाले, "आषाढात पोरांना काय देऊ, ठराव शिजवू का?" त्यांचं खरं होतं, आणि ज्याच्या घरात दाणे आहेत अशा कोणी त्यांना उत्तर देऊ नये. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या पुराचे पहिले चार दिवस ओहोळाच्या तोंडाला सापळा नाही. एक कोंड बारमाही बंद, त्यात गळसुद्धा नाही. भादव्यात पिलं उतरताना बांधाच्या तोंडाला बारीक जाळी लावायची नाही. बाकी मासेमारी चालू. मला हा ठराव कोणत्याही तज्ज्ञाच्या आराखड्यापेक्षा शहाणा वाटतो, कारण कोणी किती दिवस कळ काढू शकतं हे तो करणाऱ्यांना ठाऊक होतं.

अशा राखलेल्या पाण्याचा दाखला जवळच आहे. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचं देऊळ आहे आणि तिथल्या डोहात महासीर मासे पिढ्यान् पिढ्या सुरक्षित आहेत. ते देवाचे मासे, म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही, उलट येणारे भाविक त्यांना खाऊ घालतात. महाराष्ट्रात इतरत्रही असे देवाचे डोह आहेत. सरकारनेही हा मार्ग अलीकडे ओळखला आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी 2020 साली एक नवी माशाची जात शास्त्रात नोंदली गेली आणि 2021 मध्ये राज्याने ते कुंड आणि परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केला. दोन हेक्टरांच्या आसपासची जागा, पण माशासाठी जाहीर झालेली. तिळशाच्या डोहाला आणि जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या कोंडाला तो मान का मिळू नये?

मत्स्यबीज सोडणं हा सरकारी खात्यांचा आवडता उपाय. तलावात कटला, रोहू, मृगळ सोडले की उत्पादन वाढतं, सहकारी संस्थेला उत्पन्न मिळतं, ते मोजताही येतं. त्याला माझा विरोध नाही. पण त्याला संवर्धन म्हणता येणार नाही. महासीरची कृत्रिम पैदास लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली यशस्वी केली, ते काम थोरच. तिथली पिलं मात्र पुढे कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळ कुबडाच्या महासीरला त्या नव्या पाहुण्यांमुळे मागे हटावं लागलं. आज तो मूळ मासा नामशेष होण्याच्या काठावर आहे. पिलं सोडण्याआधी नदी राहण्याजोगी आहे का, आणि तिथे आधीपासून कोण राहतं, हे पाहायला हवं.

आपल्याच पालघर जिल्ह्याचा किनारा पाहा. डहाणू-पालघरच्या मच्छिमाराच्या जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि त्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य सरकार जाळ्याची भरपाई देतं, 25 हजार रुपयांपर्यंत. ही योजना डिसेंबर 2018 पासून आहे आणि तिच्यामुळे कितीतरी जीव समुद्रात परत गेले. समुद्रात पावसाळ्याची मासेमारी बंदीही आहे, 1 जून ते 31 जुलै. किनाऱ्यावरच्या माणसाला सरकार म्हणतं, तू जीव सोड, तुझं नुकसान आम्ही भरतो. डोंगरावरचा कातकरी पहिल्या पुरात सापळा उचलून ठेवतो तेव्हा त्याचं नुकसान कोणी भरत नाही. खरं तर त्या चार दिवसांचं धान्य ग्रामसभेमार्फत घरोघर देणं सरकारला फार जड नाही.

पाण्याचंही तसंच. 2018 साली केंद्र सरकारने गंगेत किमान किती पाणी वाहतं ठेवायचं याची अधिसूचना काढली. वैतरणेसाठी, पिंजाळसाठी असा आकडा ठरवता येणार नाही असं नाही. भिंतीखालचे डोह मे महिन्यात जिवंत राहतील एवढं पाणी, आणि मृगात खालच्या ओहोळांना पूर आल्यावर धरणातून थोडं सोडलेलं पाणी, इतक्याने खालच्या पट्ट्यातला मासा पुष्कळ सावरेल. नवी धरणं आखताना हा आकडा आधी ठरवावा, भिंत नंतर.

मुंबईत नळ उघडणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमचं बरंचसं पाणी ज्या नद्यांतून येतं त्यांची नावं वैतरणा आणि भातसा, उद्या कदाचित पिंजाळ आणि वाघ. महापालिकेच्या पाणीपट्टीतला काही भाग वैतरणेच्या खोऱ्यातल्या ग्रामसभांना, त्यांनी राखलेल्या कोंडांसाठी आणि चढणीच्या दिवसांतल्या धान्यासाठी मिळावा, अशी मागणी तुम्ही आपल्या नगरसेवकाकडे करा. जव्हार-मोखाड्याच्या ग्रामसभांनी आपल्या वनहक्क दाव्यात मासे लिहिले आहेत का ते या पावसाळ्याआधी तपासावं, आणि लिहिले नसतील तर ठराव करून लिहावेत.